कोरड्या बाजूचा माणूस

विमानातलं जेवण जिथे तयार व्हायचं त्या इमारतीला दोन बाजू होत्या, आणि त्यांची नावं कामगारांनीच पाडली होती. परदेशी जाणाऱ्या विमानांची ती ओली बाजू, देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांची ती कोरडी. ओल्या बाजूच्या ढकलगाड्यांत जेवणाच्या ट्रेबरोबर दारूच्या बाटल्या चढायच्या. कोरड्या बाजूला चहा, कॉफी, फळांचा रस आणि पाणी. मधे एक लांब बोळ आणि त्याच्या तोंडाशी जाड रबरी पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे सरबतकाकांनी सात वर्षं काढली आणि पलीकडे एकदाही पाऊल टाकलं नाही. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. शेजारचा माणूस कुठे कुठे जातो यावर सगळ्यांचा डोळा असतो, तो कुठे जात नाही हे विचारायला कुणाला सवड असते?

काकांचं काम साधं होतं. उतरलेल्या विमानातून गाड्या आल्या की त्या रिकाम्या करायच्या, धुवायच्या, पुसायच्या, पुन्हा भरायच्या. सकाळी पाच ते दुपारी एक. अठ्ठावन्न वर्षांचा सडपातळ माणूस, बोलणं कमी, हात स्वच्छ. सरबतकाका हे नाव त्यांना एका बढतीच्या पार्टीत चिकटलं. सगळे ग्लास उंचावून उभे होते आणि हे कोपऱ्यात लिंबाचं सरबत घेऊन बसले होते. कुणीतरी विचारलं, "काका, डॉक्टरांनी बंद केलीय का?" काका म्हणाले, "नाही रे, मला आवडतच नाही."

आवडत नाही! वीस वर्षं ज्या माणसाने सकाळी दात घासायच्या आधी बाटली शोधली, तो म्हणतो आवडत नाही. पण लोकांना असलं काही ऐकायला फार गोड वाटतं. त्या एका वाक्यावर काकांचा साधुपुरुष झाला. कामगारांच्या बायका नवऱ्यांना त्यांचा दाखला द्यायला लागल्या. काका मान खाली घालून ऐकून घ्यायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, किती विनयशील.

खरं असं की काका पूर्वी एका मोठ्या हॉटेलात आचारी होते. हाताला चव होती, नाव होतं, आणि हॉटेलाच्या तळघरातल्या दारूच्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडे होती. त्या किल्लीने सगळं गेलं. आधी नोकरी, मग दुसरी नोकरी, मग मित्र. बायको खंगत गेली आणि वारली, तेव्हा मुलगी एकोणीस वर्षांची होती. या सगळ्याबद्दल काका स्वतःशी बोलू शकत होते. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना स्वतःशीही बोलता यायचं नाही.

मुलगी नऊ वर्षांची होती. शाळा सुटल्यावर काका तिला घेऊन बसस्टॉपवर आले, बाकावर बसवलं आणि म्हणाले, "इथेच बस हं, हललीस तर बघ. मी आलोच दोन मिनिटांत." ते सात तासांनी आले. मुलगी तिथेच होती. दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर. समोरच्या पानपट्टीवाल्याने तिला तीनदा विचारलं होतं, बाळ, तुझं कोण आहे? ती म्हणाली होती, "बाबा येणार आहेत, मी इथेच बसलेय." हे काकांना पानपट्टीवाल्याने सांगितलं, शिव्या देत सांगितलं. मुलगी त्या दिवसाबद्दल आजतागायत एक शब्द बोललेली नव्हती.

आता तीच मुलगी औषधांच्या दुकानात दुपारी दोन ते आठ कामाला होती. जावई दुसऱ्या शहरात, आठवड्यातून एकदा यायचा. दोन वर्षांच्या नातीला दुपारचं कोण सांभाळणार, हा प्रश्न आला तेव्हा काकांनी सहा वर्षं दारूला हात लावलेला नव्हता. मुलीने खूप विचार केला. मग तिने बापाला बोलावलं आणि दारात उभं राहून सांगितलं, "पिणं बंद आणि नोकरी चालू. दोन्ही असेल तोवर तुम्ही तिला सांभाळाल. रिकामा बसलेला माणूस पुन्हा प्यायला लागतो, मी बघितलंय. यातलं एक जरी मोडलं तरी बाबा, मी तुम्हाला ओळखत नाही."

काकांनी मान हलवली. तेव्हापासून रोज दुपारी पावणेदोनला ते मुलीच्या दारात उभे राहायचे. मुलगी बापाच्या तोंडाजवळ नाक न्यायची, एक श्वास घ्यायची आणि मगच बाजूला व्हायची. यात अपमान वाटावा असं काही आहे हे काकांच्या डोक्यातही आलं नाही. दाराआड नात उभी असायची. जन्मली तेव्हा ती अगदी बटाट्यासारखी दिसत होती म्हणून काका तिला बटाटी म्हणायचे. बटाटी त्यांचं बोट धरून त्यांना खिडकीशी न्यायची आणि खालच्या बसेस दाखवायची. ते सहा तास म्हणजे काकांचा अख्खा दिवस. बाकीचे अठरा तास ते त्या सहा तासांसाठी जगत होते, आणि यात मी काडीचीही अतिशयोक्ती करत नाही.

अशात एक दिवस कँटीनमध्ये एक पेटी आली. पेटीशेजारी छापील कागद. "देशांतर्गत विमानांत मद्यविक्री असावी का? हो / नाही. कारण थोडक्यात लिहा." प्रवाशांनाही विचारलं होतं म्हणे, आणि कर्मचाऱ्यांनाही.

जेवणाच्या सुट्टीत टेबलं तापली. मुकादम म्हणाला, "तोच माणूस परदेशी निघाला की त्याला आपण ग्लासात बर्फ घालून देतो. देशात उडाला की तो काय कुक्कुलं बाळ होतो? मोठ्या माणसाला मोठ्यासारखं वागवा की!"

ट्रकवर गाड्या चढवणारा ड्रायव्हर हसला. "सव्वा तासाचं उड्डाण. वीस मिनिटं चढायला, वीस उतरायला. मधल्या अर्ध्या तासात घसा कोरडा पडून आजवर कोण मेलंय?"

"आणि ज्याला प्यायचीय तो जमिनीवरून पिऊन येतोच," मुकादम म्हणाला. "ज्याला भांडायचंय तो चहावरूनही भांडतो."

"भांडू दे की त्याला," शिक्केवाली बाई मधेच बोलली. ही बाई भरलेल्या प्रत्येक गाडीला प्लॅस्टिकचा नंबरी शिक्का ठोकायची, आणि तिची जीभ तिच्या शिक्क्यापेक्षा पक्की होती. "पण त्याच्या शेजारच्या सीटवरच्या बाईने काय करायचं? बसमध्ये असती तर उतरली असती. वर काय दार उघडून बाहेर जाणार?"

सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, काका, तुमचं काय? काकांनी नुसता कागद दाखवला. 'नाही'वर खूण आणि कारणाच्या ओळीवर चार शब्द: प्रवास फार लहान आहे. खरं कारण त्या ओळीत मावण्यासारखं नव्हतं. दारू नसलेली एवढी एकच जागा मला या जगात सापडलीय, तीही तुम्ही का घेता, असं त्यांना लिहायचं होतं.

निकाल 'हो' लागला. माझ्या मते तो आधीच लागलेला होता, कारण पेटीचं कुलूप उघडायच्या आत कोरड्या बाजूला बाटल्यांच्या मांडण्या येऊन पडल्या. दुपारच्या सभेत मोठ्या मॅडमनी सांगितलं की पुढल्या महिन्यापासून आपल्या बाजूलाही मद्याची खोली असेल आणि तिची किल्ली एका भरवशाच्या माणसाकडे असेल. "मी वेगवेगळ्या सहा जणांना विचारलं," त्या म्हणाल्या, "आणि सहाही जणांनी एकच नाव घेतलं. जो पीत नाही त्याच्याच हातात किल्ली." सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या आणि टाळ्या सुरू झाल्या.

काका उभे राहिले. "मॅडम, मला जमणार नाही हो ते."

"म्हणूनच तुम्ही," मॅडम हसून म्हणाल्या. "आम्हाला सहज जमेल म्हणणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते." पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. शिक्केवालीने तर शिट्टी वाजवली.

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे बोलणं सोपं आहे. नोकरीला लागताना तब्येतीचा एक फॉर्म भरावा लागला होता. "पूर्वी कधी व्यसन होतं का?" त्यावर काकांनी "नाही" लिहिलं होतं. ज्याला व्यसन होतं त्याला विमानतळाचा पास मिळत नाही, आणि पास नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर बटाटी नाही. काकांनी किल्ली घेतली. हॉटेलातली किल्ली पितळेची होती, ही स्टीलची.

मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. उगाच घाबरेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. खरं तर घाबरले होते ते स्वतः.

खोलीचं काम त्यांनी सैनिकासारखं केलं. सीलबंद छोट्या बाटल्या गाड्यांत भरायच्या, त्यांचं त्यांना काही वाटलं नाही. झाकण बंद असलेली बाटली ही नुसती काच असते, असं त्यांनी स्वतःला पढवलं होतं. जीव जायचा तो परतलेल्या गाड्या उघडताना. नियम असा होता की ज्या बाटलीच्या झाकणाचं सील तुटलं ती पुन्हा खोलीत ठेवायची नाही. अर्धी उरलेली वाईन, कुणी एक घोट घेऊन सोडलेली व्हिस्की, सगळं मोरीत ओतायचं. ओतताना दोन माणसं हवीत. एकाने ओतायचं, दुसऱ्याने बघायचं आणि वहीत सही करायची. ओतायचे काका, बघायची शिक्केवाली.

मोरी गरम पाण्याने धुतलेली असायची, त्यामुळे वास अंगावर चाल करून यायचा. पहिल्या दिवशी काकांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्यांना ओठ घट्ट मिटून घ्यावे लागले. सात वर्षं जी तहान गाडून टाकली असं वाटत होतं ती जिवंत होती, ताजीतवानी होती, आणि तिला त्यांचं नाव पाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बामची डबी आणली आणि नाकाखाली बोटभर बाम चोळला. डोळ्यांतून पाणी यायचं, पण वास अडायचा.

"सर्दी काय हो काका?" शिक्केवालीने विचारलं.

"जुनी आहे," काका म्हणाले.

असे वीस दिवस गेले. रोज एक वाजता ते नाक साबणाने धुवायचे, गणवेश बदलायचे, बस पकडायचे आणि पावणेदोनला मुलीच्या दारात श्वास सोडायचे. तिचं नाक बाजूला झालं की आत शिरून बटाटीला उचलायचे आणि तिच्या मानेत तोंड खुपसायचे. वीस दिवस निभावलं म्हणजे पुढेही निभावेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

एकविसाव्या दिवशी शेवटची गाडी एकला पाच मिनिटं कमी असताना आली. वर हवाईसुंदरीने घाईत लाल वाईनची उघडी बाटली बुचाशिवाय आडवी टाकली असावी. काकांनी गाडीचं दार ओढलं आणि ती सगळी त्यांच्या छातीवर आली. गणवेश भिजला, आतला बनियन भिजला. काकांनी गणवेश बदलला, छाती ओल्या फडक्याने पुसली. वर शर्ट आहे, दिसणार नाही, म्हणून बनियन तसाच ठेवला. बस सुटेल म्हणून पळाले. त्या गडबडीत नाकाखालचा बाम पुसायचा राहून गेला.

मुलीने दार उघडलं आणि नेहमीसारखं नाक पुढे केलं. मग ती थांबली.

"हा बाम कशाला लावलाय?"

काकांचा हात नाकाकडे गेला. आणि त्याच वेळी त्यांना आठवलं. पिण्याच्या दिवसांत घरी येण्याआधी ते हेच करायचे. तोंडाचा वास मारायला ओठांवर, नाकाखाली, गळ्यावर बाम फासायचे. लहानपणी मुलगी बापाची अवस्था बामच्या वासावरून ओळखायची. बापाला बामचा वास आला की ती आणि तिची आई आतल्या खोलीची कडी लावून घ्यायच्या. जगातली हजार औषधं सोडून या माणसाने नेमकी तीच डबी उचलली होती, आणि वीस दिवसांत ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मुलीने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. बनियनवरचा डाग लाल होता.

"अंगावर सांडली गं," काका म्हणाले. "मी प्यायलो नाही. गाडीचं दार उघडलं आणि बाटली..."

हेच वाक्य. अगदी हेच वाक्य त्यांनी बायकोला शेकडो वेळा सांगितलं होतं. मित्राच्या हातून सांडली, वेटरच्या हातून सांडली, बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून सांडली. आज पहिल्यांदा खरोखर सांडली होती आणि ते सांगायला त्यांच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

"कोरड्या बाजूला दारू कुठून आली बाबा?" मुलीने शांतपणे विचारलं.

"सुरू केलीय. देशातल्या विमानांतही. किल्ली माझ्याकडेच दिलीय."

"तुमच्याकडे." ती हसली. असं हसू कुणाच्या बापाच्या वाट्याला येऊ नये. "कधीपासून?"

"वीस दिवस झाले."

"आणि वीस दिवसांत मला सांगावंसं वाटलं नाही."

काकांनी तोंड उघडून तिच्यासमोर धरलं. वास घे, म्हणाले, तोंडाचा घे. पण बामपुढे तिला दुसरं काही कळण्यासारखं नव्हतं. आतून बटाटी "आबा, बस!" म्हणून ओरडत पळत आली. मुलीने तिला कडेवर घेतलं. "उद्यापासून शेजारच्या वहिनी बघतील तिला," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका." दार हळू लागलं. तिने ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका कामावर गेले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. बाम लावला नाही. आता काय उपयोग? दहाच्या सुमारास परतलेल्या गाडीत तिसरा हिस्सा भरलेली लाल वाईनची बाटली निघाली. शिक्केवालीचं पेन चालेना, ती खिडकीतल्या डब्यात दुसरं शोधत होती. काकांनी बूच काढलं. बाटली तिरकी केली आणि धार मोरीत पडायच्या आधी तिच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठा ओला झाला.

शिक्षा तर झालीच आहे, त्यांना वाटलं. भोगतोयच, तर मग निदान ज्याची भोगतोय ते तरी करू. आता राहिलंय काय?

अंगठा ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात त्यांनी तो आवाज ओळखला. आता राहिलंय काय. नोकरी गेली त्या दिवशी हाच आवाज होता. बायको गेली त्या दिवशी हाच. आणि बसस्टॉपवरून दोन मिनिटांसाठी निघाले होते तेव्हा, पहिला ग्लास रिकामा झाल्यावर, आता उशीर झालाच आहे तर अजून एक, म्हणणाराही हाच. काकांनी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि हात त्याखाली धरला. कातडी लाल झाली तरी काढला नाही. बाटली मोरीत फुटली.

"काका! अहो काका, हात भाजला!" शिक्केवाली धावली आणि तिने नळ बंद केला.

"मी दारुडा आहे," काका म्हणाले.

"काय बोलताय?"

"वीस वर्षं पीत होतो. सात वर्षं सोडलीय. आवडत नाही म्हणून नव्हे गं. एक घेतली की मला थांबता येत नाही. तू आत्ता पेन शोधत होतीस ना, तेवढ्यात मी घेणार होतो."

तिने काकांच्या हातावर थंड पाणी ओतलं. मग म्हणाली, "आणि आम्ही टाळ्या वाजवल्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, मी कुणाला सांगत नाही. तुम्ही पाठीचं दुखणं काढा, किल्ली सोडा."

"पाठ म्हणून सोडली तर दोन दिवसांनी पुन्हा देतील. शहाणा समजतात मला." काकांनी गळ्यातली किल्ली काढली. "खोटं बोलूनच इथवर आलोय. आता ते पुरत नाही."

मोठ्या मॅडमनी सगळं ऐकलं. बाई वाईट नव्हत्या. "हे तुम्ही सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

नियम होता. मॅडमनी पास मागून घेतला, कात्रीने मधोमध कापला आणि पत्र छापायला सांगितलं. पत्रात एकच वाक्य होतं: मद्यविषयक कारणावरून कामावरून कमी करण्यात येत आहे.

काकांनी ते तीनदा वाचलं. "मॅडम, मी प्यायलो नाही, एवढं एक लिहाल का खाली? माझ्या मुलीला दाखवायचंय."

"पत्राचा मजकूर ठरलेला असतो हो," मॅडम म्हणाल्या. "मला त्यात अक्षर घालता येत नाही."

बाहेर शिक्केवाली उभी होती. "नंबर द्या, मी बोलते तुमच्या लेकीशी. साक्षीला मीच होते की तिथे." काकांनी मान हलवली. नको, म्हणाले. पूर्वीही मित्र फोन करायचे. वहिनी, आज याने थेंबसुद्धा घेतला नाही हो, मी साक्षीला आहे. ते सगळे फोन मुलीने लहानपणी ऐकले होते.

पावणेदोनला काका मुलीच्या दारात उभे राहिले. येऊ नका म्हटलेलं असूनही गेले. नवा धुतलेला शर्ट, तोंडाला बाम नाही, भाजलेल्या हाताला फडकं. मुलगी कामावर निघतच होती. त्यांनी काही न बोलता पत्र पुढे केलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"कामावरही पकडले गेलात," ती म्हणाली. "म्हणजे दोन्ही गेलं."

"पकडलं नाही गं. मीच जाऊन सांगितलं. मी कोण आहे ते सांगितलं." ती जिना उतरायला लागली होती. काका तिच्या मागे उतरले. "एकदा ऐकून घे, एकदाच." ती थांबली नाही. घरासमोरच्या बसस्टॉपवर तिची बस आली, ती चढली, आणि काकांकडे न बघता खिडकीपाशी बसली. बस गेली.

काकांना वाटलं, संपलं. खरंच संपलं. हातात पत्र होतं आणि ते पत्र त्यांच्याच विरुद्ध बोलत होतं. रस्त्याच्या टोकाला दारूचं दुकान होतं, ते त्यांना दिसत होतं. तिथवर चालत जायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. काका बसस्टॉपच्या बाकावर बसले. पत्र मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात पत्रावर ठेवले.

तीन वाजले, चार वाजले. ऊन बाकावर आलं आणि सरकलं. वरच्या खिडकीत शेजारच्या वहिनींनी बटाटीला धरून बसेस दाखवल्या. बटाटीने खाली बघून हात हलवला, काकांनी हलवला. मग खिडकी लागली. घसा सुकला होता. पाण्याचा नळ दुकानाच्या बाजूलाच होता, आणि त्या बाजूला उठून जायची स्वतःची हिंमत नाही हे काकांना पक्कं ठाऊक होतं. सहाच्या सुमारास बसची वाट बघणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "तुमची बस कुठली? इतक्या गेल्या की."

"मुलगी येणार आहे," काका म्हणाले, "मी इथेच बसलोय."

आठ वाजून दहा मिनिटांनी बस थांबली आणि मुलगी उतरली. सहा तासांपूर्वी सोडून गेली होती त्याच जागी बाप बसलेला दिसला, तेव्हा ती रस्त्यातच उभी राहिली. मग जवळ आली. खाली वाकून तिने त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. नेहमी एक श्वास घ्यायची, आज तीन घेतले. तोंडाला उपाशी माणसाच्या तोंडाचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता.

"कधीपासून बसलायत?"

"तू गेलीस तेव्हापासून."

"उठला नाहीत?"

"नाही."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पर्स मांडीवर घेतली. एक बस आली आणि गेली. मग समोर बघत, बापाकडे न बघता, ती त्या दिवसाबद्दल एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"मला तहान लागली होती तेव्हा. पानपट्टीवाला पाणी देत होता. मी घेतलं नाही. पाणी प्यायला रस्ता ओलांडला आणि तेवढ्यात तुम्ही आलात तर, म्हणून."

काका रडायला लागले. आवाज न करता, भाजलेल्या हाताने तोंड झाकून. ती त्यांना गप्प करायला गेली नाही.

"मला अजून तुमचं खरं वाटत नाही," ती म्हणाली. "उद्या वाटेल असंही नाही."

"बरं," काका म्हणाले.

तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं, सवयीने आधी स्वतःच्या नाकाशी नेली, आणि मग बापापुढे धरली.